दोन तलावांच्या गावी

माननीय अध्यक्षमहाराज, विद्वान प्रतिनिधी आणि बंधुभगिनींनो,

ज्या नगरीवर बैरागी महंतांनी राज्य केले, जिच्या कापडगिरणीतील मजुरांनी 1920 साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली संपाचे निशाण उभारले आणि जिचा राजवाडा पुढे विद्यामंदिर झाला, त्या राजनांदगावात आपले सर्वांचे मी मनःपूर्वक स्वागत करतो.

तो वाडा म्हणजे आमचे दिग्विजय महाविद्यालय. एका अंगास राणीसागर, दुसऱ्या अंगास बूढासागर. 1958 साली गजानन माधव मुक्तिबोध येथे अध्यापक म्हणून आले. शरच्चंद्र मुक्तिबोधांना महाराष्ट्र ओळखतो. परंतु घरात मराठी बोलून हिंदी कवितेस नवे वळण देणाऱ्या या थोरल्या बंधूंची आठवण आपल्यात क्वचितच निघते, याचा मला विषाद वाटतो. तलावाकाठच्या त्यांच्या बिऱ्हाडातील चक्करदार जिना पाहिल्यावाचून कोणी परतू नये, ही माझी आग्रहाची विनंती.

आता या परिषदेकडे वळतो. आपला विषय सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा. अंबागड चौकीकडील कौडीकसा येथील विहिरींतले सोमल 1999 साली शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडले. ते तेथील खडकांतूनच येते. लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा. चौकीकडील आमच्या शेतातल्या बोअरचे पाणी सायंकाळी पितळी घागरीत नितळ दिसे आणि सकाळी तळाशी तांबूस साका बसलेला असे. हवा लागताच लोह साकळते आणि पाण्यात सोमल असल्यास त्यालाही कवटाळून खाली बसते; तलावाच्या गाळात प्राणवायू सरला की लोह विरघळते आणि सोमल पुन्हा मोकळे होते, हे मला आपल्यासारख्यांकडूनच कळले. म्हणून तलावांतून उपसलेला गाळ शेतात पडण्यापूर्वी तपासला जावा, अशी माझी कळकळीची प्रार्थना आहे.

आता क्षमायाचना. शाळेच्या खोल्यांत आपली उतरण्याची तजवीज केली. गाद्या अपुऱ्या पडल्या, स्नानाच्या ऊन पाण्यास काल दिरंगाई झाली, तिकडचा बंदोबस्त आज मी जातीने पाहीन. वर्गणी न मागता तांदूळ पाठवणारे गिरणीमालक, मंडपाचे भाडे नाकारणारे मंडपवाले, बाजारपेठेतील सराफ व कापडव्यापारी, आणि मध्यरात्रीपर्यंत पुरणपोळ्या लाटणाऱ्या आमच्या भगिनी यांच्या औदार्यावरच हा समारंभ उभा आहे. त्यांचे ऋण कोणत्याही जमाखर्चात मावणारे नाही.

उद्या सकाळी सहा वाजता चौकीकडे मोटारी निघतील. पिण्याचे पाणी आम्ही सोबत देत आहोत. वाटेत कोठल्याही हातपंपाचे पिऊ नये.