तिखट ही चव नव्हे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी वक्त्याने चार गोड शब्द बोलावेत असा संकेत आहे. मी मात्र आज तिखटाविषयी बोलणार आहे. आपल्या जालना जिल्ह्याला हा विषय परका नाही. भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईला हिरव्या मिरचीचा केवढा बाजार भरतो हे आपणांस ठाऊकच आहे. ठेच्यावाचून आपली भाकरी पुरी होत नाही, आणि झणका नसलेली येसराची आमटी घशाखाली उतरत नाही. पण ही मिरची तोंडात गेल्यावर नेमके करते काय, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आपल्या आयुर्वेदाने सहा रस सांगितले आहेत. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. यांतील कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मराठीत येताना या शब्दांनी जागा बदलल्या. आजचे शास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारख्या पदार्थांत जाणवणारी ‘उमामी’ अशा पाच चवी मानते. तिखटाला ते चवींच्या पंगतीत बसवीत नाही. याचा पडताळा घरीच पाहा. साखर हाताला चोळली तर हाताला गोड लागत नाही, मीठ चोळले तर खारट लागत नाही. मिरची मात्र हाताला लागते, ओठाला लागते, डोळ्याला तर लागतेच लागते. जे जिभेवाचूनही कळते, ते चव कसे म्हणावे?

मिरचीत कॅप्सेसिन नावाचे द्रव्य असते. ते बियांत नसून, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात सर्वांत जास्त असते. आपल्या तोंडात आणि त्वचेत भाजल्याची वर्दी देणारे मज्जातंतू आहेत. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली की ते मेंदूला ‘भाजते आहे’ असे कळवितात. कॅप्सेसिन त्याच तंतूंना चेतविते. १९९७ साली अमेरिकेतील डेव्हिड ज्यूलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दार शोधून काढले, आणि या दिशेच्या संशोधनाबद्दल २०२१ साली ज्यूलियस यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. म्हणजे ‘तोंडाची आग झाली’ हे आपण म्हणतो ते अगदी शब्दशः खरे आहे. ठेच्यावर लगेच कढत चहा घेतला तर तो अधिक पोळतो, त्याचेही कारण हेच.

डब्यातल्या इतर जिनसांच्या तऱ्हा निराळ्या. मिरे आणि आले याच दारावर थाप मारतात. आले वाळून त्याची सुंठ झाली की त्यातील द्रव्य बदलते आणि अधिक झोंबते. मोहरीचे तर कौतुकच वाटते. अख्खा दाणा गरम तेलात तडतडला की तो खमंग लागतो, झोंबत नाही. तीच मोहरी पाण्यात वाटून लोणच्यासाठी फेसली की तिच्यातले दोन घटक एकत्र येऊन नवे, उडून जाणारे द्रव्य तयार होते आणि ते थेट नाकात चढते. लवंग आधी चुरचुरते आणि मग बधिर करते. पण दुखणाऱ्या दाताखाली लवंग धरल्याने ठणका थांबतो, कीड थांबत नाही, एवढे ध्यानात असावे. पुदिन्याचे फूल तोंड थंड करीत नाही, ते फक्त थंडीची वर्दी देणाऱ्या तंतूंना जागे करते. कोकणातल्या भगिनी माशांच्या आमटीत तिरफळे घालतात. त्यांनी जीभ चक्क मुंग्या आल्यासारखी थरथरते.

आता घरातल्या गोष्टीकडे वळते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिखट लागल्यावर तांब्याभर पाणी प्यायले तरी आग शमत नाही. दूध किंवा दही द्यावे. दुधातील प्रथिने ते द्रव्य धरून धुऊन नेतात. साखरेचाही उपयोग होतो. ठेच्यावर तेल आणि जोडीला दही घेणाऱ्या आपल्या आज्यांनी हे शास्त्र न वाचताच ओळखले होते.

दुसरे असे की, रोज तिखट खाणाऱ्याचे हे मज्जातंतू हळूहळू मंदावतात. त्यामुळे एकाच आमटीला सासूबाई अळणी म्हणतात, माहेरी सौम्य जेवलेल्या सुनेच्या डोळ्यांतून पाणी येते आणि नातू ताटावरून उठून जातो. यांत कोणीच खोटे बोलत नसते. म्हणून ‘आमच्या घरात असेच खातात’ असे म्हणून नव्या सुनेच्या जिभेची परीक्षा घेऊ नये. लहानांची आमटी तिखट टाकण्यापूर्वीच काढून ठेवावी. ज्याला हवे त्याने ठेचा वाढून घ्यावा.

तिसरी गोष्ट जरा कठोर आहे, पण बोलणे भाग आहे. ‘खोटे बोललास तर जिभेवर मिरची ठेवीन’, असे आपण मुलांना म्हणतो. काही घरांत ते केवळ म्हणण्यावर राहत नाही. मिरचीची धुरीही दिली जाते. भगिनींनो, मेंदूच्या दृष्टीने ही चव नव्हे, चटका आहे. तापलेला उलथणे मुलाला लावणारीला आपण क्रूर म्हणतो. मग हिला काय म्हणावे? या मंडळातील एकाही घरात यापुढे ही शिक्षा होऊ नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

शेवटी, ज्यांच्यामुळे आपला ठेचा होतो त्यांची आठवण. मिरचीच्या तोडणीला जाणाऱ्या बायकांचे हात रात्रभर पेटलेले असतात, आणि त्याच हातांनी तान्ह्याला घ्यावे लागते. नुसत्या पाण्याने ती आग जात नाही. आधी हातांना खाण्याचे तेल चांगले चोळावे, पुसावे, मग साबणाने धुवावे आणि असे पुन्हा एकदा करावे. डोळ्यात गेल्यास मात्र तेल लावू नये. स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा, आणि आग राहिलीच तर डॉक्टरांकडे जावे. सर्वांत बरे म्हणजे तोडताना हातमोजे घालावेत. ज्यांचे शेत आहे त्यांनी मजुरीबरोबर हातमोज्यांची जोडी आणि बांधावर तेलाची वाटी ठेविली तर खर्च थोडाच येईल.

आपल्या ताटातले तिखट सुखाचे वाटते, कारण ते आपण आपल्या हाताने, आपल्या मापाने घेतो. दुसऱ्यावर लादलेले तिखट मात्र नुसती आगच असते.