टाउरासी: घाई केली आणि फसलो

आज जाऊया इटलीच्या दक्षिणेला, नेपल्सच्या पूर्वेकडच्या डोंगरांत. इथली तगडी रेड वाइन म्हणजे टाउरासी. द्राक्षाचं नाव आल्यानिको. १९९३ मध्ये तिला डीओसीजी, म्हणजे इटलीतला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला.

हे द्राक्ष फार उशिरा पिकतं, काढणी कधीकधी नोव्हेंबरपर्यंत चालते. टॅनिन भरपूर, आंबटपणाही जोरदार. म्हणूनच नियम आहे: किमान ३ वर्षं मुरवायची, त्यातलं १ वर्ष लाकडी पिंपात.

मी पहिल्यांदा काय केलं? खास दिवसासाठी जपलेली बाटली उघडली, लगेच ओतली आणि सोबत झणझणीत मटण! तोंड असं कोरडं पडलं, जणू कच्चं केळं खाल्लं. वाटलं, पैसे पाण्यात. पण चूक माझीच होती. तिखटाबरोबर अल्कोहोल जास्त जळजळतं आणि टॅनिन जास्त बोचतं.

उरलेली अर्धी बाटली दुसऱ्या दिवशी काढली. हवा लागून ती बरीच मवाळ झालेली. काळी चेरी, चामडं, थोडा धूर, सगळं हळूहळू कळायला लागलं. सोबत होतं पेकोरिनो, मेंढीच्या दुधाचं चीज. चीजमधली प्रथिनं आणि चरबी टॅनिनची धार कमी करतात. भाजलेलं कोकरूही म्हणूनच जमतं.

तर लक्षात ठेवा: २ तास आधी मोठ्या जगमध्ये ओता, १६ ते १८ अंशांवर प्या, मसाला कमी ठेवा. आणि हो, कायद्याने वय बसत असेल तरच! भेटू पुढच्या भागात.