मैफल आटोपशीर, राग पूर्ण
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण सगळे एकमेकांना एकच वाक्य ऐकवतोय, "अरे, वेळच मिळत नाही." कुणाचा दवाखाना आहे, कुणाचा सातपूरला कारखाना, कुणाच्या मुलांचे क्लास. गेली काही वर्षं मी छोट्या मैफलींसाठी सतरंज्या टाकण्यापासून तानपुरे आणण्यापर्यंतची कामं करतो, म्हणून संयोजकांनी मला शास्त्रीय संगीतावर बोलायला सांगितलं. मी या "वेळ नाही"बद्दलच बोलणार आहे.

मैफलीला न येणाऱ्याला आपण चटकन "अरसिक" म्हणून मोकळे होतो. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेकांना गाणं नको असं नसतं. संध्याकाळचे चार-पाच तास त्यांना परवडत नाहीत, एवढंच.

गाणं ऐकणाऱ्याच्या सोयीनं बदललं, हे काही आजचं नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. दरबारात अडकलेलं गाणं त्यांनी तिकीट काढून कुणालाही ऐकता येईल असं केलं. आयुष्याच्या उत्तरार्धात ते आपल्या पंचवटीत राहिले, रामनामाधार आश्रमात. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे आपले डी. व्ही. पलुस्कर, 1921 साली नाशकातच जन्मले. त्याच काळात ग्रामोफोनची तबकडी आली. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई तेवढ्यात रागाचं दर्शन घडवत. त्यानं गाणं बिघडलं नाही, उलट तबकडी ऐकून लोक मैफलीला येऊ लागले.

पण तबकडी हे आमंत्रण होतं. आज ते काम मोबाईल करतो. आमंत्रणपत्रिका म्हणजे जेवण नव्हे.

नेमका हाच घोळ सध्या होतो. "लोकांना वेळ नाही" म्हणून आयोजक कलाकाराला सांगतात, राग पंधरा मिनिटांत आटपा, मग नाट्यगीत, अभंग, भैरवी. विलंबित एकतालाचं एक आवर्तन कधी कधी जवळजवळ मिनिटभर चालतं. दिवसभराची धावपळ डोक्यातून उतरून कान त्या संथ लयीत स्थिरावायलाच दहा मिनिटं लागतात. कान लागला, की राग संपलेला असतो! उत्सुकतेनं आलेला नवा माणूस घरी जातो, आणि लोक या गाण्यासाठी तासन् तास का बसतात, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. कात्री रागाला लावू नका, कार्यक्रमाला लावा. सहाची वेळ छापायची आणि पावणेसातला पडदा उघडायचा. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तीन मनोगतं. त्यात पाऊण तास गेला. त्यानंतर दोन कलाकार. इंदिरानगरहून किंवा नाशिकरोडहून कालिदास कलामंदिरात येणाऱ्याचा जाण्यायेण्याचा वेळ धरा, पार्किंग शोधणं धरा, म्हणजे सगळी संध्याकाळ गेली. त्याऐवजी एक कलाकार, दीड तास आणि ठरल्या मिनिटाला सुरुवात. पन्नास मिनिटं एक राग, मनसोक्त. मग एखादी छोटी रचना आणि भजन. सत्कार नाही. किती वाजता सुटू हे पक्कं ठाऊक असलं, की कामाचा माणूसही येतो.

दुसरी गोष्ट, घड्याळाची. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री दहाला बंद होतात. रात्रभराच्या मैफली त्यामुळे जवळपास संपल्या. पण आपण सगळे कार्यक्रम संध्याकाळी साडेसहा ते दहात का कोंबले? त्यामुळे यमन, पुरिया धनाश्री, बागेश्री पुन्हा पुन्हा ऐकू येतात. तोडी, ललत, सारंग समोर बसून ऐकायला मिळणं दुर्मीळ झालं. आणि पाळीत काम करणाऱ्याला तर संध्याकाळ अनेकदा मोकळी नसतेच.

रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात, फोन वाजत नाहीत. मुंबईत 'प्रातःस्वर'च्या मैफलींना माणसं भल्या सकाळी येऊन बसतात. लांब कशाला, आपल्या नेहरू चौकात पिंपळपारावर पाडवा पहाटेला होणारी गर्दी आठवा. तेच नाशिककर, तोच शास्त्रीय गायक. फरक एवढाच, की वेळ सोयीची, जागा ओळखीची आणि आत शिरताना कुणाला बिचकायला होत नाही.

हे बिचकणं फार महत्त्वाचं आहे. लंडनला 1895 साली 'प्रॉम्स' मैफली सुरू झाल्या, त्या याच विचारानं. तिकीट स्वस्त, उभं राहून ऐका, वातावरण मोकळं. वादकांनी संगीत पातळ केलं नाही, दार तेवढं मोठं केलं. आपल्याकडे नवख्याला भीती असते, दाद चुकीच्या जागी गेली तर? त्यावर दोन मिनिटं पुरतात. रागाचं नाव सांगा, बंदिशीचे शब्द कागदावर छापून द्या आणि तबल्यावर एकदा दाखवा, ही सम. पुढचं माणसाचा कान बघून घेतो.

आपल्या कानाची तयारी तर शाळेतच झाली आहे. संगीताच्या बाईंनी पेटीवर भूपाची सरगम घोकून घेतली होती. आत्ता पहिली ओळ धरली, तर हे सभागृह ती पूर्ण करेल, अगदी मागच्या बाकावरचेसुद्धा!

म्हणून एक प्रस्ताव मांडतो. आपल्या शाळेचं हे सभागृह रविवारी सकाळी रिकामं असतं. दर दोन महिन्यांनी एका रविवारी, साडेसात ते नऊ, इथे एक मैफल करू. आपल्यातल्या शंभर जणांनी वर्षाला दीड-दीड हजार दिले, तर दीड लाख होतात. म्हणजे सहा मैफलींना प्रत्येकी पंचवीस हजार. त्यातून गायक, तबला, पेटी यांना मानधन मिळावं. फुकट गायला कुणाला बोलवायचं नाही. शाळेच्या मुलांना मात्र प्रवेश मोफत, आणि लहान मूल रडलं तर कुणी वळून पाहायचं नाही.

कलाकार इथलेच, तरुण घ्यावेत. नाशकात विशारद होऊन रोज चार-चार तास रियाज करणारी मुलं आहेत. मोठ्या महोत्सवाच्या मंचावर त्यांना इतक्यात कुणी बसवणार नाही, आणि त्याआधीची पायरी गावात नाही. मग ती पुण्या-मुंबईला जातात, किंवा नोकरी धरतात आणि तानपुरा गवसणीत जातो. त्यांना टाळ्यांपेक्षा पन्नास मिनिटं शांत बसणारी शंभर माणसं हवी आहेत. तेवढी या हॉलमध्ये आत्ता बसलेली आहेत.

बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी नाव आणि फोन नंबर लिहा. पहिली मैफल तोडीची करू. गुरुजनांसाठी पुढच्या रांगेत खुर्च्या असतील, आणि साडेसात म्हणजे साडेसात.