टायटॅनियमची सुरी : भट्टी पेटवण्याआधी

समुद्रपूर तालुक्यातल्या जामचा चौरस्ता म्हणजे ट्रकांचा राबता. अशा ठिकाणी कमानीचा मोडका पाटा वाया जात नाही. लोहार त्याचा विळा करतो, कुऱ्हाड करतो, सत्तूर करतो. आता मोबाइलवर परदेशातले कारागीर टायटॅनियमच्या सुऱ्या घडवताना दिसतात आणि आपली तरुण मंडळी विचारतात, हे आपल्या ऐरणीवर जमेल का? घडवता येईल, पण त्या सुरीकडून विळ्याच्या धारेची अपेक्षा ठेवू नका.

कारण पाण्यात आहे. कमानीच्या पोलादात शंभर भागांत साधारण अर्धा भाग कार्बन असतो. लालभडक पातं तेलात किंवा पाण्यात बुडवलं की हा कार्बन आतच अडकून पडतो आणि पातं कडक होतं. यालाच आपण पाणी देणं म्हणतो. टायटॅनियमला असं पाणी चढत नाही. अ‍ॅल्युमिनियम सहा टक्के आणि व्हॅनेडियम चार टक्के असलेली त्याची सगळ्यात प्रचलित मिश्रधातू रॉकवेल मापावर छत्तीसच्या आसपास राहते, चांगल्या सुरीचं पोलाद पंचावन्न ते साठपर्यंत जातं. म्हणून टायटॅनियमची धार सोयाबीनच्या धांड्यांपुढे लगेच बसते. मात्र ते गंजत नाही आणि चुंबकाला चिकटत नाही, म्हणून समुद्रात उतरणारे पाणबुडे त्याची सुरी बाळगतात. त्यांच्यासाठी ती योग्यच.

तरीही हौस असेल, तर आधी धातू ओळखा. भंगारात चकाकणारं सगळंच टायटॅनियम नसतं. स्टेनलेसचे काही प्रकारही चुंबकाला चिकटत नाहीत, पण टायटॅनियम वजनाला त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त. चाकावर हलकंच टेकवलं की पांढऱ्याशुभ्र, डोळे दिपवणाऱ्या ठिणग्या उडतात. चष्म्याशिवाय ही परीक्षा करू नका.

आता भट्टी. कोळशाच्या भट्टीत अर्धवट जळालेल्या वायूंतला हायड्रोजन हा धातू शोषून घेतो आणि ठिसूळ होतो. विजेची भट्टी उत्तम. गॅसची असेल तर हवा किंचित जास्त ठेवा. आत लोखंडाची खपली पडलेली नको. लोखंड आणि टायटॅनियम एकमेकांना भिडले की सुमारे १०८५ अंशांवरच वितळू लागतात, एकट्या टायटॅनियमला १६६८ अंश लागतात. मिश्रधातू नऊशे ते साडेनऊशे अंशांवर, म्हणजे नारिंगी रंगावर घडवावी. पिवळी पडेपर्यंत तापवू नये.

हातोड्याखाली हा धातू अडेल बैलासारखा वागतो. आतली उष्णता पृष्ठभागापर्यंत लवकर येत नाही, त्यामुळे ऐरणीला टेकलेली बाजू झटकन निवते आणि थंड पडल्यावर मारलेल्या घावांनी चिरा जातात. थोडेच घाव घाला, पुन्हा तापवा. आपल्याच चौरस्त्यावरून जाणाऱ्या महामार्गाने दक्षिणेला हैदराबाद गाठता येतं. तिथली मिश्र धातु निगम ही १९७३ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी टायटॅनियमच्या मिश्रधातू बनवते. तिथे मोठमोठी दाबयंत्रं लागतात. आपल्या घणाला लहान तुकडाच पेलेल.

तापलेल्या टायटॅनियममध्ये हवेतला ऑक्सिजन मुरतो आणि वर कडक, ठिसूळ साल धरते. ती पूर्ण घासून काढली नाही, तर चीर तिथूनच सुरू होते. आणि खरा धोका या घासण्यातच आहे. कानसीखालचा कीस एक वेळ चालेल, ग्राइंडरचा बारीक भुगा मात्र ठिणगीने पेट घेतो. त्यातच आधी घासलेल्या लोखंडाचा गंज मिसळला तर आग आणखी भडकते. म्हणून टायटॅनियम घासण्याआधी ग्राइंडर आणि आसपासची जागा झाडून घ्या आणि तोंडाला मास्क लावा.

माझा सल्ला विचाराल तर पातं कमानीच्या पाट्याचंच ठेवा आणि टायटॅनियमची मूठ करा. ती हलकी होते, घामाने गंजत नाही, आणि बेताने तापवली तर सोनेरी, जांभळा, निळा असे रंग आपोआप चढतात.

ग्राइंडर आणि आसपासची जागा झाडून घेऊनही भुगा पेटलाच, तर पाणी मारू नका. पेटलेलं टायटॅनियम पाणी फोडून त्यातला हायड्रोजन मोकळा करतं आणि भडका उडतो. अग्निशामक नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइडही इथे कामाचा नाही. ग्राइंडरजवळ कोरड्या वाळूची बादली भरून ठेवा, आणि ती भरल्याशिवाय ग्राइंडरचं बटण दाबू नका.