साथीचा तक्ता वाचताना

पदवीच्या वर्गात महासाथ कशी शिकवावी, यावर बोला, असं नभोवाणी केंद्राने सुचवलं. विषाणूची रचना, लशींचे प्रकार पुस्तकांत आहेतच, त्यात मी शिरत नाही. मला बोलायचंय तक्त्याबद्दल.

मार्च २०२० मध्ये काही स्वयंसेवकांनी ‘कोविड१९इंडिया’ हे संकेतस्थळ सुरू केलं. राज्यांची रोजची पत्रकं वाचायची, कोविडच्या रुग्णांचे आणि मृत्यूंचे आकडे तक्त्यात भरायचे आणि कुणालाही उतरवून घेता येतील असे खुले ठेवायचे. ऑक्टोबर २०२१ अखेरपर्यंत त्यांनी हे निष्ठेने केलं. शिक्षकाला याहून चांगलं साहित्य कुठे मिळणार?

हा तक्ता वर्गात उघडला की मुलं आधी सर्वांत उंच रेघ शोधतात. मृत्यूंच्या आलेखात ती सापडते जून २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात. एका दिवसात ६,१४८ मृत्यू! “सर, त्या दिवशी कहर झाला.” मी म्हणतो, अरे, लाट तर मे महिन्यातच ओसरू लागली होती, मग हे कुठून आलं? मग कुणीतरी राज्यांचे रकाने वेगळे करतं आणि बिहारवर बोट ठेवतं. आधी मोजणीतून सुटलेले जवळपास चार हजार मृत्यू बिहारने एकदम यादीत घेतले होते. माणसं आधीच गेली होती, कागदावर तेव्हा आली. ही नोंदीची तारीख आहे, मृत्यूची नव्हे. वर्गात हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, इथेही सांगतो: नोंदीची तारीख, मृत्यूची नव्हे.

रुग्णसंख्येचंही तसंच. आठवड्याच्या सुरुवातीला रुग्ण घटल्याच्या बातम्या यायच्या, आठवतं? घरोघर हायसं वाटायचं. रविवारी तपासण्याच कमी व्हायच्या, एवढंच त्याचं कारण.

म्हणूनच मुलांना थोडं रागावतो. इंटरनेटवरचा नकाशा उचलून प्रकल्पवहीत चिकटवणं म्हणजे अभ्यास नव्हे. आणि प्राध्यापक मित्रांनो, आयत्या नोट्स लिहून देणंही शिकवणं नव्हे.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाबद्दलही बोलायचं होतं. तेव्हा नोंदयंत्रणाच कोलमडली, म्हणून देशातल्या बळींचा अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत हेलकावतो. हे अंदाज ताडून पाहायला १९२१ चे जनगणना अहवालही आता घरबसल्या वाचता येतात. पण वेळ संपत आली.

शिक्षकांना एकच विनंती. पुढच्या तासाला आपल्याच जिल्ह्याचा रकाना उघडा, आणि मुलांना प्रत्येक आकड्याला विचारायला लावा: तुला कुणी मोजलं, आणि केव्हा?