पांढऱ्या रक्ताचा मासा

उन्हाळ्यांत हिंगोलीजवळ कयाधू आटूं लागली, कीं उरल्यासुरल्या डोहांत मरळ मासा घडोघडी तोंड वर काढतांना दिसतो. ऊन पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. तीस अंशांच्या पाण्यापेक्षां शून्य अंशाच्या पाण्यांत तो जवळजवळ दुप्पट विरघळतो. मरळाच्या डोक्यांत, कल्ल्यांच्या वर, हवा घेण्याची निराळी सोय असते, म्हणून तो तगतो. त्याला वर येऊं दिलें नाहीं, तर पाण्यांतला हा जीव चक्क गुदमरून मरतो!

याच्या अगदीं उलट प्रकृतीचा मासा अंटार्क्टिकाच्या समुद्रांत आहे. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याहून निघाली ती याच खंडाकडे. तेथील खारें पाणी उणे १.९ अंशापर्यंत गोठत नाहीं. सामान्य माशाचें रक्त मात्र त्याआधींच गोठेल. या हिममत्स्याच्या रक्तांतील एक प्रथिन बर्फाच्या कणांना चिकटून त्यांना वाढूं देत नाहीं.

त्याहून नवल असें, कीं हें रक्त लाल नाहींच. १९२७ सालीं रुस्टाड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानें तें पांढरें पाहिलें, आणि १९५४ सालीं रूड यानें त्यांत तांबड्या पेशी व रक्तरंजक द्रव्य नसल्याचें प्रसिद्ध केलें. प्राणवायु नुसत्या रक्तद्रवांत विरघळून वाहतो. हें काम कमी पडतें, म्हणून हृदय मोठें, रक्तवाहिन्या रुंद आणि रक्तही पुष्कळ. कोणी यास निसर्गाची चतुराई म्हणेल. खरें पाहतां हा एक तोटाच, थंड पाण्याच्या उदारपणावर निभावलेला.

फेब्रुवारी १९२१ नव्हे, अगदीं अलीकडे, फेब्रुवारी २०२१ मध्यें 'पोलारस्टर्न' या जर्मन जहाजाला वेडेल समुद्राच्या तळाशीं या माशांची वसाहतच आढळली. सुमारें २४० चौरस किलोमीटरांत अदमासें सहा कोटी घरटीं! अंडीं असलेल्या घरट्यांत सरासरी सतराशें अंडीं, आणि बहुधा एक मासा राखणीला. मरळही पिलें राखतो, हें कोळ्यांना ठाऊकच आहे.

पण समुद्र तापला तर? याच गोत्रांतले लाल रक्ताचे मासेदेखील सहा अंशांच्या पाण्यांत मेले, असें १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलें. हिंगोलींत एवढ्या थंडीला लोक शेकोटी पेटवतील. हिममत्स्याला तर हवा घेण्याची मरळासारखी सोयही नाहीं.