तारोफ: बिलावरून झालेला माझा पोपट

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड खाण्यावर आहे, पण त्याहून जास्त एका वाक्यावर आहे: "नको नको, मी देते."

सीन असा. मी लॉस एंजेलिसमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. मागच्या वर्षी ले-ऑफमध्ये नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर असाल तर नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी शोधा, नाहीतर बॅग भरा. त्या दिवसांत जुन्या टीममधल्या एका सीनियर इराणी बाईंनी मला अक्षरशः वाचवलं. नाव सांगत नाही, आपण त्यांना ताई म्हणू. रोज संध्याकाळी फोनवर तासभर मॉक इंटरव्ह्यू घ्यायच्या. ओळखीच्या कंपनीत रेफरही त्यांनीच केलं. चाळिसाव्या दिवशी ऑफर आली.

पहिला पगार झाला आणि ठरवलं, ताईंना झकास जेवायला न्यायचं. वेस्टवूड भागातलं एक भारी इराणी रेस्टॉरंट बुक केलं. १९७९ च्या क्रांतीनंतर या शहरात इतके इराणी लोक आले की गमतीने त्याला 'तेहरांजेलिस' म्हणतात. वेस्टवूडला दुकानांच्या पाट्यासुद्धा फारसीत आहेत.

पांढरे टेबलक्लॉथ, मंद दिवे, सगळा थाट. आधी गरम नान आली, सोबत पुदिना, मुळा, चीज आणि अक्रोड. मग झेरेश्क पोलो, म्हणजे केशराचा भात, चिकन आणि वर छोटी लाल आंबट फळं. मुंबईत ब्रिटानियाचा बेरी पुलाव खाल्लाय? त्यातली बेरी तीच. मग फेसेंजान, अक्रोडाचं कूट आणि डाळिंबाचा आटवलेला रस घालून शिजवलेलं दाट, आंबटगोड प्रकरण.

आणि ताहदिग! 'ताह' म्हणजे तळ, 'दिग' म्हणजे भांडं, आपली देगची आठवा. भांड्याच्या तळाला मुद्दाम खरपूस होऊ दिलेला भात. आपल्याकडे खरवड म्हणतात आणि ती आई गुपचूप स्वतःच्या ताटात घेते. इथे तिला सगळ्यात जास्त मान!

शेवटी ताहदिगचा एकच तुकडा उरला. ताई म्हणाल्या, "तू घे." मी म्हटलं, "थँक्यू," आणि कुर्रम करून खाल्ला.

मग बिल आलं. टिप धरून दीडशे डॉलरच्या वर. मी कार्ड काढलं. ताई म्हणाल्या, "छे, मी देते." मी विचारलं, "नक्की ना?" त्या म्हणाल्या, "अर्थात!" आणि मी कार्ड परत खिशात ठेवलं.

खरं सांगू? आतून थोडं बरं वाटलं होतं. नोकरी नसताना सेव्हिंग्ज पार आटली होती. पार्टी माझी, आभार मी मानणार, आणि दीडशे डॉलर वाचले म्हणून मी खूश. ही गोष्ट मला आजही टोचते.

दुसऱ्या दिवशी नव्या ऑफिसमधल्या इराणी मित्राला हे सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, "अरे, तो तारोफ होता!"

तारोफ म्हणजे इराणी आग्रह. उर्दू गझलांमध्ये 'तआरुफ' ऐकला असेल, म्हणजे ओळख. शब्द तोच, फारसीत अर्थ वेगळा. समोरचा देऊ करतो, तुम्ही नाही म्हणता, तो पुन्हा म्हणतो, तुम्ही पुन्हा नाही म्हणता. दोन-तीन फेऱ्या तर होतातच. इराणमध्ये दुकानदारसुद्धा पैसे घेताना आधी म्हणतो, "राहू दे, तुमच्यापुढे याची काय किंमत!" म्हणून वस्तू उचलून चालू पडायचं नसतं.

आता मला सांगा, हे आपल्याला नवीन आहे का? मावशीकडे "पोटभर झालं" म्हटल्यावर मावशी वाढायची थांबते का? आणि पहिल्याच 'नको'ला थांबली तर आपल्याला कसं वाटतं? सगळं माहीत असूनही मी इंग्रजीत बोलत होतो म्हणून विसरलो. इंग्रजीत 'शुअर' म्हटलं की विषय संपतो, असं मला वाटत होतं.

मी ताईंना फोन केला. विचारलं, "तो तारोफ होता का?" त्या हसल्या, "नाही रे, मुळीच नाही!" आता हे उत्तरसुद्धा तारोफ असेल तर? कळायला मार्गच नाही!

मग आपला देशी उपाय केला. महिन्याने त्यांना त्याच रेस्टॉरंटमध्ये नेलं. हात धुवायच्या निमित्ताने उठलो आणि काउंटरवर आधीच कार्ड देऊन आलो. लग्नाच्या खरेदीत काका करतात ना, तस्संच. बिल भरलंय हे कळल्यावर ताई पाच मिनिटं माझ्यावर चिडल्या होत्या. पण चेहरा बघायला हवा होता, इतका खूश!

आणि हो, ताहदिगचा शेवटचा तुकडा यावेळी तीनदा नाही म्हणून त्यांनाच खायला लावला.

तर मंडळी, तुमचे कोणाचे आभार राहिलेत? बिल येण्याआधी उठा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!